डेंगळ्याची लसूण : परसबागेच्या आणि स्वयंपाकघराच्या दृष्टीने एक आढावा

कांद्याच्या वाफ्यात डेंगळे दिसू लागले की आपल्याकडचा शेतकरी कष्टी होतो. कारण पातीच्या मधून वर आलेला तो पोकळ दांडा म्हणजे कंद पोसावयाचे सोडून रोपाने फुलोऱ्याकडे घेतलेला कल, आणि पर्यायाने बाजारात कमी किमतीस जाणारा माल, असा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. लसणीच्या बाबतीत हा प्रसंगही त्याच्यावर क्वचितच येतो. आपली लसूण आश्विन-कार्तिकात लावावी, माघ-फाल्गुनात तिची पात पिवळी पडून माना मोडल्या की उपटावी, आणि पातीच्या वेण्या घालून माळ्यावर टांगावी, ही आपली वहिवाट. परंतु लसणीचा एक मोठा वंश असा आहे की ज्याला दरसाल न चुकता डेंगळा येतो, ज्याची मान मोडत नाही म्हणून ज्याची वेणी घालता येत नाही, आणि थंड मुलखातले बागवान व पाककुशल लोक ज्याला अव्वल दर्जाची लसूण मानतात. या लसणीला इंग्रजी मुलखात ‘हार्डनेक’ म्हणतात. तिला ‘डेंगळ्याची लसूण’ म्हणणे आपल्या भाषेस अधिक मानवेल. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा युरोपात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या परसात आज हिचे वाफे घालता येण्यासारखे आहेत. यास्तव तिच्या जाती कोणत्या, त्यांत भेद किती खरे व किती नावापुरते, आणि कोणी कोणती लावावी, या समग्र प्रश्नाचा येथे परामर्श घेण्याचे योजिले आहे.

प्रथम शरीररचनेचा विचार करू. आपल्या नेहमीच्या, म्हणजे नरम मानेच्या, लसणीच्या गड्ड्यात पाकळ्यांचे एकावर एक असे अनेक थर असतात आणि आत जावे तसतशा त्या पाकळ्या बारीक होत जातात, इतक्या की शेवटच्या कुड्या सोलण्याचा कंटाळा येऊन गृहिणी त्या टाकून देते. डेंगळ्याच्या लसणीत मधोमध एक काष्ठवत्‌ दांडा असतो आणि त्याच्याभोवती जवळजवळ सारख्या आकाराच्या मोठ्या पाकळ्यांचे एकच कडे असते. कांद्याच्या डेंगळ्याप्रमाणे हा दांडा पोकळ नसून भरीव असतो. उन्हाळ्याच्या आरंभी तो पातीतून वर येतो, बहुतेक जातींत गोल वळसे घेतो, मग हळूहळू सरळ होतो, आणि त्याच्या टोकाला चोच असलेली एक पातळ पिशवी धरते. त्या पिशवीत फुले असतात खरी, परंतु फुलांच्या बरोबरीने इवल्या इवल्या कंदिकाही असतात. त्या फुगत जाऊन फुलांना दाबून टाकतात, व त्यामुळे बी धरण्याचा योग सहसा येतच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही प्रकारांना ‘अॅलियम सटायव्हम’ या एकाच जातीत घालतात. दांडेवालीला ‘ऑफिओस्कोरोडॉन’ असे जे उपनाम मिळाले आहे, त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सर्पलसूण’ असा असून दांड्याचे वेटोळे पाहिलेल्याला त्याचे समर्थन निराळे सांगावे लागत नाही.

हा दांडा लसणीला मागाहून फुटलेला अवयव नव्हे. तो तिचा मूळचा आहे. लसणीचे आद्य माहेर मध्य आशियात, तिएन शान पर्वताच्या आसपासच्या कझाकस्तान, किरगिझस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान या प्रदेशांत मानले जाते. आणि तेथील रानटी लसणीला दांडा, फूल, कंदिका व प्रसंगी बीही येते. मनुष्याने ती उबदार प्रदेशांत नेली, गड्डा मोठा व्हावा म्हणून न फुलणारी रोपे निवडली, आणि शतकांच्या या निवडीतून दांडा गमावलेली लसूण निपजली. जपानचे ताकेओमी एतो यांनी 1980 च्या दशकात मध्य आशियातील लसणीत बी धरणारी रोपे दाखवून दिली, तेव्हा लसूण ही कायमची वांझ वनस्पती होय ही समजूत मागे पडली. या मुलखाशी भारतीय विद्येचाही एक जुना धागा जोडलेला आहे. तिएन शानच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या कुचा येथे 1890 साली हॅमिल्टन बावर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांवरील एक संस्कृत हस्तलिखित आले. रुडॉल्फ हर्नले यांनी पुढे ते संपादिले. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या हस्तलिखितातील पहिला ग्रंथ लशुनाच्या उत्पत्तीने व गुणवर्णनानेच सुरू होतो, आणि राहूच्या कंठातून सांडलेल्या बिंदूंपासून लसूण उपजली ही कथा त्यात आहे. आयुर्वेदाने तिला दिलेली ‘म्लेच्छकंद’ व ‘यवनेष्ट’ ही नावे ती वायव्येकडून आली याची आठवण देतात. ‘रसोन’ म्हणजे षड्रसांपैकी एका, आम्ल रसाने, उणी. उरलेले पाच रस मुळात कटू, पानात तिक्त, नालात कषाय, नालाच्या अग्रात लवण व बीजात मधुर असे वाटून दिलेले आहेत. केवळ नरम मानेची लसूण पाहिलेल्या वाचकाला या वाटणीतील नालाग्राचा उल्लेख कोड्यासारखा वाटतो. डेंगळ्याची लसूण ज्येष्ठात उभी असलेली ज्याने पाहिली, त्याला मात्र या वाटणीतले प्रत्येक अंग डोळ्यांपुढे दिसते.

माहेर अशा कडक हिवाळ्याचे असल्यामुळे या लसणीच्या देहाला थंडीची मुदत पुरी झाल्याखेरीज पुढचा हुकूम मिळत नाही. जमिनीतील पाकळीला सुमारे 10 अंश सेल्सियसच्या खालची थंडी सहा ते आठ आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लाभली, आणि त्यानंतर दिवस लांबत गेले, म्हणजेच तिला दांडा येतो व गड्ड्याच्या पाकळ्या अलग होतात. या दोन अटींपैकी एक जरी अपुरी राहिली तरी रोप नुसती पात वाढवीत बसते, किंवा पाकळ्या न पडलेला एकसंध गोल कंद देते. पुण्याचा वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आतबाहेर असतो आणि तोही आषाढाच्या तोंडाशी येतो. ओटावा येथे तो साडेपंधरा तासांपलीकडे जातो. पुण्या-नाशकाकडच्या काही पहाटे कडक असल्या तरी दुपारी ऊन तापते, त्यामुळे थंडीचा हिशेब पुरा होत नाही. यास्तव परदेशातून आणलेल्या पाकळ्या महाराष्ट्राच्या पठारावर लावून त्या भरघोस गड्डे देतील अशी आशा धरणे व्यर्थ होय. आपल्या हवेसाठी राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा ओंकार व भीमा पर्पल, राहुरी कृषी विद्यापीठाची गोदावरी व श्वेता, अशा जाती निवडून सिद्ध केलेल्या आहेत आणि त्यांचा मान त्यांना दिलाच पाहिजे. लांब दिवसाची लसूण भारतात उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात पिकते. ‘अॅग्रिफाउंड पार्वती’ ही मोठ्या पाकळ्यांची जात तेथल्यासाठीच आहे. पुढील विवेचन यामुळे मुख्यत्वे थंड मुलखातील बागवानांना उद्देशून आहे.

आता जातींकडे वळू. व्यापाऱ्यांच्या याद्यांत डेंगळ्याच्या लसणीची शेकडो नावे आढळतात: कुणी जर्मन, कुणी रोमानियन, कुणी एखाद्या गावाच्या, तर कुणी एखाद्या आजोबांच्या नावाची. लसूण बियांवर न वाढता पाकळीवर वाढते. म्हणून एकच रोप देशोदेशी जाऊन दहा नावे धारण करू शकते. वॉशिंग्टन राज्यातील शेतकरी रॉन एंगलंड यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या नावांच्या गर्दीतून काही घराणी वेगळी काढली. पुढे 2004 मध्ये गेल व्होल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील दोनशेंहून अधिक लसणींची जनुकीय तपासणी केली. तेव्हा ही घराणी बहुतांशी खरी ठरली, आणि निरनिराळ्या नावांच्या पुष्कळ लसणी एकरूप निघाल्या. व्होल्क यांनीच पुढे दहा जाती अमेरिका व कॅनडातील निरनिराळ्या ठिकाणी लावून पाहिल्या. त्यात पाकळ्यांची मांडणी कायम राहिली, परंतु गड्ड्याचा आकार व पापुद्र्यावरील जांभळा रंग माती-हवेप्रमाणे पालटला. या साऱ्याचा बोध बागवानासाठी स्पष्ट आहे: नाव पाहण्यापूर्वी घराणे पाहावे, आणि चित्रातील रंगावर विसंबून खरेदी करू नये.

पहिले घराणे रोकँबोल. गड्ड्यात सहा ते अकरा पाकळ्या, त्यांवर सैल, तपकिरी साल, आणि दांड्याला दुहेरी वेटोळे ही तिची ओळख. साल बोटाच्या दाबाने निघून येते, चव भरदार व किंचित गोडसर असते, म्हणून जाणकार स्वयंपाकी हिला पहिले पान देतात. ‘स्पॅनिश रोहा’, ‘किलार्नी रेड’, ‘जर्मन रेड’ या तिच्या प्रसिद्ध जाती. त्यांपैकी पहिली ग्रीक स्थलांतरितांनी ओरेगॉनमधील पोर्टलंडच्या परिसरात आणली असे सांगितले जाते. परंतु जी सैल साल सोलणारीला सुखाची, तीच साठवणीला घातक: चार-पाच महिन्यांत ही लसूण पोकळ होऊ लागते किंवा कोंब धरते. शिवाय सौम्य हिवाळ्याच्या मुलखात हिचा निभाव लागत नाही.

दुसरे घराणे पोर्सिलेन, म्हणजे चिनीमातीसारख्या शुभ्र व गुळगुळीत पापुद्र्याचे. पाकळ्या अवघ्या चार ते सहा, पण एकेक अशी मोठी की एका पाकळीत आमटीची फोडणी व्हावी. रोप उंच, कणखर. कच्ची चव तिखट व टिकाऊ. साठवण सहा ते आठ महिने. ‘जर्मन एक्स्ट्रा हार्डी’, ‘रोमानियन रेड’, ‘जॉर्जियन क्रिस्टल’ या जाती तर आहेतच. परंतु सर्वांत अधिक लावली जाणारी ‘म्युझिक’ ही, आणि तिच्या नावाचा संगीताशी काही संबंध नाही. ऑंटेरियो प्रांतातील अल म्युझिक या शेतकऱ्याने इटलीहून आणलेल्या वाणाला त्याचेच आडनाव चिकटले. नवख्या माणसाने प्रथम हेच घराणे लावावे.

तिसरे घराणे जांभळ्या रेघांचे, आणि लसणीच्या मूळ वंशाला सर्वांत जवळचे तेच समजले जाते. आठ ते बारा पाकळ्या, त्यांना अर्धचंद्राकृती बाक, व पापुद्र्यावर जांभळ्या उभ्या रेघा. जॉर्जियातील श्वेलिसी गावाकडून आलेली ‘चेस्नोक रेड’ (चेस्नोक या रशियन शब्दाचा अर्थ नुसता ‘लसूण’) आणि समरकंदच्या बाजारात मिळालेली ‘पर्शियन स्टार’ या तिच्या अग्रगण्य जाती. अख्खा गड्डा मंद आचेवर भाजला असता हिच्या पाकळ्या लोण्यासारख्या होतात व गोडी उमलते. भाजण्याच्या कामी हिची बरोबरी दुसरे घराणे क्वचितच करते. हिच्या दोन शाखा आहेत. एक ‘मार्बल्ड’, म्हणजे संगमरवरी छटांची: पाकळ्या कमी पण जाड, ‘सायबेरियन’, ‘बोगातिर’ व ‘मेतेखी’ या तिच्या जाती, त्यांतील शेवटच्या दोन साठवणीत विशेष टिकणाऱ्या. दुसरी ‘ग्लेझ्ड’, म्हणजे झिलईची: पापुद्र्यावर रुपेरी-जांभळी चकाकी, चव सौम्य, ‘पर्पल ग्लेझर’ आणि रशियातील रियाझानच्या नावाची ‘रेड रेझान’ या येथल्या जाती.

उरलेल्या तीन घराण्यांना, एशियाटिक, टर्बन व क्रिओल यांना, दांडा येतोही आणि हवेप्रमाणे चुकतोही. म्हणून त्यांना अर्धडेंगळी म्हणावे. पहिली दोन लवकर तयार होतात, पण टर्बन लवकर संपवावीही लागते. क्रिओल मात्र विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण सौम्य हिवाळ्याच्या मुलखात पहिल्या तीन घराण्यांपेक्षा ती अधिक समाधानाने वाढते: गडद तांबड्या-जांभळ्या पाकळ्या, तिखटपणामागे गोडी, आणि दीर्घ साठवण. फ्रान्समधील तार्न प्रांताची ‘रोझ द लोत्रेक’ ही गुलाबी लसूण याच कुळातील. तिला 1966 मध्ये फ्रान्सचे गुणवत्तेचे तांबडे चिन्ह व 1996 मध्ये युरोपचा भौगोलिक दाखला मिळाला. वेणी घालता येत नसल्यामुळे तेथील शेतकरी तिचे ताठ दांडे एकत्र बांधून घोस करतात.

लागवडीचा तपशील साधा आहे, पण त्यातील वेळा चुकवू नयेत. जमीन गोठण्यापूर्वी चार ते सहा आठवडे, म्हणजे उत्तर अमेरिकेत साधारणपणे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत, मोठ्यांतल्या मोठ्या पाकळ्या शेंडा वर ठेवून पाच सेंटिमीटर खोल व पंधरा सेंटिमीटर अंतरावर लावाव्यात आणि वर पेंढ्याचे जाड आच्छादन घालावे. वसंतात पात वाढते तेव्हा खत व पाणी द्यावे, तण मुळीच वाढू देऊ नये. दांड्याने एक वेटोळे घेतले की तो खुडावा. राहू दिल्यास गड्ड्याचा वाटा कंदिकांकडे जातो, आणि पोर्सिलेनसारख्या घराण्यात ही तूट सहज लक्षात येण्याइतकी असते. खालची तिसरा हिस्सा ते निम्मी पाने वाळली, म्हणजे बहुधा जुलैत, काढणी करावी. प्रत्येक हिरवे पान म्हणजे गड्ड्यावरचा एक शाबूत पापुद्रा होय. सगळी पात वाळेपर्यंत थांबणाऱ्याचे गड्डे जमिनीतच उकलतात. काढलेली लसूण तीन-चार आठवडे हवेशीर सावलीत वाळवावी. ती शीतपेटीत ठेवू नये, कारण तिथली थंडी पाकळीला हिवाळ्यासारखी भासते आणि कोंब फुटू लागतो.

बेण्याचा हिशेबही आधीच मांडावा. एका पाकळीचा एक गड्डा होतो; म्हणून पाच पाकळ्यांच्या पोर्सिलेनचे पन्नास गड्डे दरसाल हवे असतील तर त्यांतील दहा बेण्यासाठी राखावे लागतात, दहा पाकळ्यांच्या जांभळ्या रेघांच्या लसणीत पाच पुरतात. बेण्याची कमतरता भासल्यास कंदिका लावता येतात: रोकँबोलच्या थोड्या व मोठ्या, पोर्सिलेनच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पण शंभराच्या घरात. त्यांना पूर्ण गड्डा होण्यास दोन-तीन वर्षे लागतात, परंतु मातीला न शिवलेल्या असल्यामुळे जमिनीतले रोग त्यांच्याबरोबर येत नाहीत. हा लाभ लहान नव्हे. पांढरी कूज एकदा वाफ्यात शिरली की तिची बीजे वीस वर्षांहून अधिक काळ जमिनीत जिवंत राहतात. खोडातील सूत्रकृमीही बेण्याबरोबरच प्रवास करतो. म्हणून बेणे ओळखीच्या, निरोगी वाफ्यातले घ्यावे आणि त्याच जागी तीन-चार वर्षे लसूण-कांदा पुन्हा लावू नये.

स्वयंपाकघरात या जातींचा भेद कितपत जाणवतो, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. अख्ख्या पाकळीला जवळजवळ वास नसतो. ती चिरडली की तिच्या पेशींतील अॅलिइन हे द्रव्य व अॅलिइनेज हे विकर एकत्र येऊन अॅलिसिन तयार होते आणि तोच तिचा उग्र गंध. कॅव्हालिटो व बेली यांनी 1944 मध्ये अॅलिसिन वेगळे काढले. श्टोल व झीबेक यांनी पुढे 1948 मध्ये त्याची जननी अॅलिइन ओळखली. उष्णतेने हे विकर निकामी होते. त्यामुळे खलबत्त्यात ठेचलेल्या ठेच्यात जी झणझणी येते, ती अख्खी पाकळी तेलात टाकलेल्या फोडणीत येत नाही. आणि शिजवूनही लसणीचा गुण हवा असेल तर ती चिरून दहा मिनिटे तशीच ठेवावी, मग चुलीवर चढवावी. जातींचा भेद कच्च्या व नुकत्याच वाळलेल्या लसणीत सर्वांत स्पष्ट असतो, दीर्घ पाकात तो पुसट होतो. ठेचा, सुक्या खोबऱ्याची चटणी, लसणीचे तिखट यांना पोर्सिलेन किंवा क्रिओल. हलकेच परतायच्या भाजीला रोकँबोल. भाजण्याला जांभळ्या रेघांची, असा क्रम माझ्या मते धरावा. मात्र चवीच्या या सूक्ष्म भेदापेक्षा साठवणीची मुदत घरच्या बेगमीला अधिक महत्त्वाची आहे. रोकँबोल दिवाळीपर्यंत संपवावी, जांभळ्या रेघांची त्यामागोमाग, आणि वसंतासाठी पोर्सिलेन व क्रिओल राखावी. असे केल्यास एका वाफ्याची लसूण वर्षाचा बहुतेक भाग पुरते.

आणि खुडलेला दांडा? तो फेकणे म्हणजे एक पीक फुकट घालविणे होय. चीनमध्ये सुआन-ताई म्हणून तो भाजीबाजारात मानाने विकला जातो. इटलीतील आब्रुझ्झो प्रांतात सुलमोनाच्या तांबड्या लसणीचे दांडे तेलात मुरवून ठेवतात. कोवळा दांडा फरसबीसारखा चिरून नुसत्या मिठावर परतला तरी भाजी होते. ओल्या लसणीच्या पातीसारखा वाटला तर हिरवी चटणी होते. तेलात लसूण किंवा दांडा घालून उबेला ठेवणे मात्र टाळावे. हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझमचे प्राणघातक विष तयार होऊ शकते. असे तेल थंडच ठेवावे व आठवड्याच्या आत संपवावे.

सारांश असा की, कडाक्याच्या हिवाळ्याच्या ठिकाणी ज्याला एकच जात लावायची आहे त्याने पोर्सिलेन लावावी. ज्याच्याजवळ जागा व हौस दोन्ही आहेत त्याने तिच्या जोडीला रोकँबोल व जांभळ्या रेघांची घ्यावी. सौम्य हिवाळ्याच्या ठिकाणी क्रिओलपासून सुरुवात करावी. आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याने आपल्या हवेसाठी निवडलेल्या लसणीवर विश्वास ठेवावा. पण कोणतीही लावली तरी एक गोष्ट विसरू नये. धान्याचे बी पेटीत जपून ठेवता येते. लसणीची जात तशी कोठारात राहत नाही. शास्त्रीय संस्थांनी तिचे अंकुराग्र अतिशीत तापमानात जतन करण्याचे तंत्र सिद्ध केले असले, तरी समरकंदच्या बाजारात किंवा जॉर्जियातील खेड्यात या लसणी आपल्या काळापर्यंत पोहोचल्या त्या केवळ यामुळे, की शेकडो वर्षे दर हिवाळ्याच्या तोंडाशी कुणीतरी सर्वांत चांगला गड्डा ताटात न वाढता बाजूला काढला, त्याच्या पाकळ्या मोकळ्या केल्या आणि थंड होत चाललेल्या मातीत खोवल्या. आपल्या परसातील वाफ्यातही तो पहिल्या प्रतीचा गड्डा मोहाने खाऊ नये. तो पुढच्या सालाचा आहे.